रोशनीचं टाकं

बैलगाडीतून पट्टा खाली पडला तेव्हा अंगण हादरलं. खाणीत कोळसा वाहून वाहून झिजलेला, जाड रबराचा, साडेतीन फूट रुंद. केवळरामने तो भंगाराच्या भावात उचलला होता.

"आता हे काय, केवळभाऊ?" शेजारच्या देवानंदने कुंपणावरून विचारलं. "मागच्या हप्त्यात गाव धुतलं ते पुरलं नाई काय?"

मागच्या आठवड्यात केवळरामने बांबूचं चौकोनी टाकं उभं केलं होतं. आत ताडपत्री घालून पाणी सोडलं. पाणी अर्ध्यावर आलं तसे बांबू फुगले आणि एक बाजू फुटली. पाणी थेट रस्त्यावर. हातपंपावरच्या बायांची हसून पुरेवाट झाली. रोशनी मात्र घरात पळाली आणि तिने आतून कडी लावली.

रोशनी त्याची एकुलती एक लेक, बारा वर्षांची. गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात नाल्याला मांडीएवढं पाणी. आई गेल्यापासून रोशनी पाण्याजवळ जात नव्हती. अंघोळसुद्धा ओल्या फडक्याने करायची. जूनमध्ये नाला ओलांडला नाही, तर तिचं शिकणं तिथेच संपणार होतं.

"ते तलावात उतरत नाई. मंग इथीच शिकवतो," केवळराम म्हणाला.

"पोरीले पोहणं शिकवाले अंगणात टाकं? अख्ख्या तालुक्यात तू एकटाच असशील."

"इंदिराले पोहता येत असतं, तर ते आज राह्यली असती."

देवानंद कुंपण ओलांडून आत आला. पट्टा सरकवायला हात लावू लागला.

इंदिरा आश्विनात गेली. पोळ्याच्या दिवशी तान्हं बाळ गेलं आणि दीड महिन्याने ती. सकाळी तलावावर धुणं घेऊन गेली. पिळलेलं धुणं दगडावर सापडलं, ती दुपारी सापडली. पाय घसरला, पोहता येत नव्हतं, असं केवळरामने सांगितलं आणि पोलीस पाटलाने लिहून घेतलं. तीनच वर्षांमागे हे कुटुंब बल्लारपूरहून इथे राहायला आलं होतं. तरी सगळं गाव मातीला आलं.

टाक्याचा आकार सुचवला तो बांबूच्या कणग्या विणणाऱ्या कोलू बुरडाने. "चौकोनी कणगी पाह्यली काय कुठी?" तो म्हणाला. "धान बी ढकलते, पाणी बी ढकलते. कोपरा दिसला का तिथूनच फाडते. गोल कर, भाऊ."

केवळरामने अंगणात खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि गोल आखला. जागा खरवडून एकसारखी केली. गवंड्याकडून पाण्याची नळी आणली आणि चारही बाजूंनी पातळी पाहिली. एका बाजूला दोन बोटं उतार निघाला. पुन्हा खरवडली. मग उकिडवा बसून एकेक खडा वेचला. एक खडा राहिला तरी ताडपत्री फाटणार होती.

खाली धानाचा कोंडा पसरायला गावातली कांता आली. कांता आणि इंदिरा एकाच गावच्या लेकी. रोशनी उंबऱ्यातूनच बघत होती.

"मावशी," तिने विचारलं, "आईले थोडंकही पोहता येत नोतं?"

आठवड्यातून दोनदा तरी ती हे कोणाला ना कोणाला विचारायची.

कांताने टोपलं खाली ठेवलं. "नाई वो माय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "कोंडा गेला डोळ्यात."

पट्टा उभा करायला चार माणसं लागली. टोकं एकमेकांवर चढवून केवळरामने लोखंडी पट्ट्या लावल्या आणि नटबोल्ट आवळले. बाहेरून जुन्या लोखंडी वायररोपचे तीन वेढे दिले आणि आत ताडपत्री अंथरली. तळहातावरचे फोड फुटले. त्याने चिंध्या गुंडाळल्या आणि पाना पुन्हा हातात घेतला.

देवानंदने विहिरीवरची मोटार सुरू केली. "एवढं पाणी वाया जाते ना, भाऊ."

"वाया काऊन? महिन्यानं तुह्याच वांग्यांले सोडतो."

पाणी चढलं. पट्टा करकरला, वायररोप ताणली गेली. सगळे मागे सरकले, केवळराम सरकला नाही. पाणी त्याच्या कमरेएवढं झालं आणि टाकं तसंच उभं राहिलं.

पहिले पाच दिवस रोशनी बाहेर स्टुलावर बसून नुसते हात बुडवायची. सहाव्या दिवशी बापाच्या गळ्याला मिठी मारून आत उतरली आणि नखं रुतवली. केवळरामने घाई केली नाही. रोज धानाच्या मिलची पाळी संपवून यायचा, सायकल टेकवायचा आणि पाण्यात उतरायचा. आधी श्वास रोखणं, मग तोंड बुडवणं. मग तिच्या पोटाखाली त्याचा हात. मग नुसती दोन बोटं.

चोविसाव्या दिवशी त्याने बोटंही काढून घेतली. रोशनी हातपाय मारत पलीकडच्या कडेला पोचली. कड पकडून खोकली, आणि कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसली.

"आली मी! बाबा, आली!"

"आली ना. आता नाल्याच्या बापाले भेत नाई आपण."

"मी जातो हायस्कुलात." तिने तोंडावरचं पाणी निपटलं. "बाबा, आईले एवढं आलं असतं तर ते वाचली असती ना?"

"वाचली असती."

"म्हणजे ते मले टाकून नाई गेली. शाळेतल्या पोरी खोटंच म्हणत होत्या."

"खोटंच," केवळराम म्हणाला.

रोशनी त्याच्याकडे पोहत आली आणि त्याच्या खांद्याला लटकली. "तुमाले कोणं शिकवलं?"

"माह्या बापानं."

खाणीच्या चाळीत, नळाच्या पाण्यावर वाढलेल्या केवळरामला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सासुरवाडीला, वैनगंगेच्या डोहात पोहायला शिकवलं होतं ते इंदिराने.