निवडून आणलेली वांगी

आमचे हे वांग्यांचे शास्त्रज्ञ. जांभळी, पांढरी, हिरवी, लांबोडकी, लिंबाएवढी अशी कुठकुठली वांगी गोळा करायची आणि त्यांची एकमेकांशी लग्नं लावायची, हाच ह्यांचा संसार. डोक्यावरचे केस गेले, तेव्हा कुठे एका काटेरी रानवांग्याशी सोयरीक जुळली आणि असं वाण निघालं, की त्यात अळी शिरतच नाही. फवारणीचा थेंबसुद्धा नको!

आज ती वांगी पहिल्यांदा बाजारात आली. सासूबाई पिशवी घेऊन निघाल्या, तसे हे माझ्या कानाशी कुजबुजले, "आईला काही सांगू नकोस हं. तिनं आपणहून निवडली, तर मी जिंकलो."

सासूबाईंनी परत येऊन ओट्यावर पिशवी उलटी केली. एकूण एक वांग्याला भोक होतं. ह्यांचा चेहरा उतरला.

"आई, अगं, चांगली वांगी नव्हती का बाजारात?"

"होती की एकाकडे, आरशासारखी चकचकीत. एकालाही भोक नाही! म्हटलं, मेल्यानं किती औषध मारलंय कोण जाणे. ही बिनधास्त खा, आतली अळी जिवंत आहे बघ."