शेजारची जागा

दर रविवारी चर्चच्या दारात घड्याळजीची बायको त्याच्या खिशातून तेलाचे डाग पडलेला रुमाल काढून घ्यायची आणि आत बाकावर आपल्या शेजारी टाकायची. तो मात्र बाहेरच, स्कूटरला टेकून उभा. "देवाचं आणि माझं जमत नाही," म्हणायचा. प्रार्थना संपली की ती रुमाल परत त्याच्या खिशात कोंबायची. "आजही रिकामीच राहिली हं जागा." एकतीस वर्षं हेच.

आज तो पहिल्यांदा आत आला, तिच्या शवपेटीमागून. चर्च खच्चून भरलं होतं, माणसं भिंतीला टेकून उभी होती. पण तिच्या बाकावरची ती जागा कोणीच घेतली नव्हती. तो तिथे बसला.

झाकण लावायच्या आधी त्याने पाळकांना हळूच विचारलं, "माझ्यासारख्याला तिकडे घेतात का हो?"

"ते माझ्या हातात नाही," पाळक म्हणाले. "पण तिने दर रविवारी तेवढंच मागितलं."

घड्याळजीने खिशातून रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला.

"जागा धरून ठेव गं. या वेळी आत यायचंय मला."