रविवारच्या कॅसेटी

कॅसेटीत अठराव्या मिनिटाला बश्या कुणाच्या हातून पडल्या, असं कुणीतरी साता समुद्रापलीकडून विचारलं होतं. चष्मेवाला हसून हसून खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला.

"लिही त्याला," तो लेकीला म्हणाला, "खुद्द मालकांच्या हातून! आणि पडल्या त्याही तालात पडल्या. आमच्या धडामने लगेच झांज मारून त्यांना गाण्यात सामावून घेतलं."

लेकीने लिहिलं. गेले चार महिने घरात हेच चाललं होतं. कपाटावरच्या खोक्यात त्रेचाळीस कॅसेटी निघाल्या होत्या. कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये एके काळी दर रविवारी दुपारी जुन्या वळणाचा जॅझ वाजायचा, त्याच्या. लेक दर शुक्रवारी एक कॅसेट साफसूफ करून इंटरनेटवर टाकायची आणि कुठकुठचे लोक कान देऊन ऐकायचे. काट्याचमच्यांची किणकिण, मध्येच कुणाचं तरी खोकणं, आणि त्या सगळ्या गलक्यातून वर चढत जाणारं क्लॅरिनेट.

ते क्लॅरिनेट चष्मेवाल्याचं. आठवडाभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे, काचा घासायच्या, आणि रविवारी फुंकायचं, अशी बावीस वर्षं गेली. मग दात गेले, कवळी आली, आणि गडी जो गप्प बसला तो बसलाच.

आता पंचाईत अशी, की रेस्टॉरंटला पन्नास वर्षं पुरी होत होती. मालकांच्या मुलीने कॅसेटी ऐकल्या आणि हट्टच धरला, कार्यक्रम जुन्या मंडळींनीच करायचा. ड्रम्स वाजवणारा धडाम एका पायावर तयार झाला. ट्रम्पेटवाला पोस्टमन त्याच्याही आधी. पियानो वाजवणाऱ्या बाई, ज्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यांनी तर सरावाचं वेळापत्रकही करून टाकलं. घोडं अडलं होतं ते चष्मेवाल्यापाशी.

म्हणून त्या रविवारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, सगळे रेस्टॉरंटच्या खिडकीजवळच्या टेबलाशी जमले. नाव कॅसेट ऐकण्याचं, काम मनधरणीचं.

"तू नसशील तर आम्हीही नाही," धडाम म्हणाला. "तीन पायांचं टेबल मांडून लोकांना जेवायला बसवायचं का?"

"दुसरा बघा."

"बघितला. सूर पक्के आहेत, पण त्याच्या वाजवण्याला हसूच फुटत नाही."

"मला कवळी लावून हसता येतं, लेका. फुंकता येत नाही."

"पेटीतून काढतोस तरी का कधी?"

"पुसायला काढतो."

"रोज?" लेकीने विचारलं.

"लाकूड आहे ते. जपावं लागतं."

लेकीने जास्त चौकशी केली नाही. तिने लॅपटॉप स्पीकरला जोडला. "आज एक लावते. ही अजून कुणाला ऐकवलेली नाही."

आधी खरखर झाली. मग पियानोची चार पावलं, मागून ड्रम्स, ट्रम्पेटने दार ढकलून आत यावं तसा घेतलेला सूर. आणि मग क्लॅरिनेट. ते आधी सगळ्यांच्या मागे मागे राहिलं, लाजऱ्या पाहुण्यासारखं. एक सूर घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आणि मग एकदम असं काही उसळलं, की टेबल पुसणाऱ्या बाईचा हात फडक्यासकट थांबला.

पोस्टमन मांडीवर ठेका धरून डोलायला लागला. धडामने दोन चमचे उचलले आणि साखरेच्या भांड्यावर वाजवायला सुरुवात केली. मालकांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिथंच नाचायला लागली.

चष्मेवाल्याने डोळे मिटले होते. आपण इथून असे वळलो होतो, हे त्याला आठवतही नव्हतं. तरी सगळं नुकतंच ऐकल्यासारखं वाटत होतं. वाटणारच. हाडामासात मुरलेलं होतं ते.

गाणं संपलं तेव्हा बाकी पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या आणि टेबल पुसणाऱ्या बाईने शिट्टी.

"ऐकलंस?" चष्मेवाल्याने रुमालाने डोळे टिपले. "ही फुंक! हा दमसास! बत्तीसच्या बत्तीस दात होते तेव्हा तोंडात. याच्यापुढे आता मी काय वाजवणार? माझीच फजिती करून घ्यायची हौस नाही मला."

"आणि आज असं वाजवणारा कुणी मिळाला तर?" लेकीने विचारलं.

"तर कार्यक्रमात त्यानेच वाजवायचं. मी स्वतः हाताला धरून आणीन त्याला."

"सगळ्यांनी ऐकलंय हं, बाबा."

"ऐकू दे. शब्द म्हणजे शब्द!"

पियानोवाल्या बाई मघापासून कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. गणित सुटलं नाही की त्या अशाच बसत. "कुठली कॅसेट म्हणायची ही?"

लेकीने पिशवीतून कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. बाईंनी चष्मा वर सारून तारीख वाचली. दोनदा वाचली.

"अहो, हा तर तो रविवार! पहाटेच तुमचा दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली म्हणून. आम्ही त्या दिवशी क्लॅरिनेटशिवाय वाजवलं. पोस्टमन तुमच्या मोकळ्या जागा बघून रडकुंडीला आला होता."

"खरंच की!" पोस्टमन ओरडला.

चष्मेवाल्याने कॅसेटकडे बघितलं, मग स्पीकरकडे, मग त्या रविवारी जन्मलेल्या लेकीकडे.

"मग आत्ता हे वाजवत होतं कोण?"

"तुम्हीच, बाबा," लेक म्हणाली. "गेल्या मंगळवारी, दार लावून 'पुसत' होतात तेव्हा. मी बाहेरून टिपून घेतलं आणि या कॅसेटवर चढवलं."