सत्तरची हवा

नवऱ्याने सायकलच्या पुढच्या, धक्के झेलणाऱ्या फोर्कमधलं जुनं काळं तेल दुधाच्या पातेल्यात काढलं, तेव्हापासून तिने त्याच्याशी अबोला धरला होता. आज तर तो सायकलच हॉलमध्ये घेऊन आला. फोर्कवर कंपनीचा तक्ता चिकटवलेला होता, चालवणाऱ्याचं वजन जेवढं, त्या हिशोबाने आत हवा भरायची.

"माझं वजन सत्तर," त्याने भिंतीला सांगितलं. पंपाने तेवढी हवा भरली आणि सायकलवर बसला. म्हैस पाण्यात बसावी तसा फोर्क खाली बसला.

"हवा अडवणारं सील गेलं वाटतं," तो पुन्हा भिंतीलाच म्हणाला. "परत खोलावं लागणार. एखादं पातेलं बघतो."

आता मात्र तिला राहवेना. "सत्तर तू लग्नात होतास, तेही पोट आत ओढून. त्या सीलला कशाला बदनाम करतोस? नव्वदची हवा भर."

त्याने निमूटपणे भरली आणि पुन्हा बसला. फोर्क पाहिजे तेवढाच दबला.

"एकोणनव्वद," तो म्हणाला. "सकाळीच काट्यावर उभा राहिलो होतो. पण खरा आकडा सांगितला असता, तर तू तोंड उघडलं असतंस?"