फाटक

फाटक पुन्हा तोंडासमोरच पडलं.

सभापतीबाईंची मोटार थांबली. मागे रिक्षा, टेम्पो, शाळेची बस, सगळी रांग लागली आणि सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. जणू हॉर्न ऐकून फाटकाला लाज वाटणार होती.

बाई नगरपालिकेच्या रस्ते समितीच्या सभापती. सकाळपासून स्टेशनभागाची पाहणी चालली होती आणि पाय नुसते भरून आले होते. आधी स्टेशनासमोरचा रस्ता झाला. तिथं पार्किंगची जागा सोडून लोकांनी दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत स्कूटर लावल्या होत्या. "माणसानं चालायचं कुठून, तुमच्या डोक्यावरून?" एवढं बोलल्यावर चार स्कूटर हलल्या. बाईंची पाठ वळली की परत येणार, हे बाईंनाही ठाऊक होतं. मग संध्याकाळी फाटकापाशी, रुळांच्या अलीकडे उखडलेला पट्टा मोटारीतूनच पाहिला. तिथं रोज कुणी ना कुणी घसरून पडायचं. रेल्वे म्हणे पट्टा नगरपालिकेचा, नगरपालिका म्हणे रेल्वेचा. पडणारा तेवढा ज्याचा त्याचा.

उरली ती या फाटकाची तक्रार.

"हे बघा बाई, प्रत्यक्षच दिसलं," शेजारी बसलेला इंजिनियर म्हणाला. तो गावात नवा होता. "गाडीचा पत्ता नाही आणि फाटक बंद. लोक केव्हाचे ओरडताहेत. गंमत म्हणजे सकाळची एकही तक्रार नाही. सगळ्या संध्याकाळच्या, आपली कचेरी सुटते तेव्हाच्या. सुट्टीच्या दिवशी तर कुणाचीच नाही."

ड्रायव्हरनं आरशातून बाईंकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. तो जुना माणूस. फाटकवाला बाईंचा थोरला मुलगा आहे, हे त्याला माहीत होतं.

बाईंनी मुलासाठी नगरपालिकेत जागा बघून ठेवली होती. टेबल, खुर्ची, पंखा, सगळं. तो म्हणाला, आईच्या शब्दावर मिळालेली खुर्ची मला टोचेल. परीक्षा दिली आणि रेल्वेत लागला. त्या दिवशी बाईंची जीभ सुटली. दिवसभर दांडा फिरवायला तुला वाढवला का, म्हणाल्या. जातोस तर जा, उंबऱ्याला पाय लावू नकोस. पोरगा त्यांचाच. शब्द धरून बसला. त्यांनीही बोलावलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभही दोन होते.

एवढी फाटकं जगात, पण त्याला मिळालं ते नेमकं त्यांच्या घरच्या वाटेवरचं. तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. बाई काच वर करून समोर बघत बसायच्या. पोरगा सूड उगवतोय, त्यांनी मनाशी धरलं होतं. सगळ्या गावाचे रस्ते ज्या बाईच्या हातात, तिलाच रोज रस्त्यात उभी करतोय.

"रेल्वेला कळवायचं का?" इंजिनियरनं विचारलं. "समितीनं शिफारस केली की बदली पक्की. लांबच्या एखाद्या फाटकावर टाकतील, चिटपाखरू नसतं तिथं. तुम्ही फक्त हो म्हणा."

हो म्हणायला बाईंची जीभ उचलली होती. म्हटलं की रोजची कटकट संपणार होती. आणि पोरगा नजरेआड होणार होता, तोही कायमचा.

मागून एक स्कूटरवाला पुढं आला, खिडकीत वाकला. "मोठ्याबाई, तुम्हाला तरी सोडायचं ना त्यानं! आम्ही रोज तुमच्या मागं अडकतो."

बाईंनी दार उघडलं.

"तुम्ही कशाला उतरता? मी बोलतो," इंजिनियर म्हणाला.

"तुम्ही बसा. तुमची इस्त्री मोडेल."

पदर कमरेला खोचून त्या उखडलेल्या पट्ट्यावरून चालत निघाल्या. खडी पायाखाली सरकत होती. गुडघा कळ मारत होता. इतक्या दिवसांत त्या इथं पहिल्यांदाच मोटारीतून उतरल्या होत्या. फाटकवाला खोलीच्या दारात हिरवा झेंडा काखेत धरून उभा होता. वाळला होता. कानाजवळचे केस पांढरे दिसत होते. त्यांना येताना बघून त्यानं झेंडा या काखेतून त्या काखेत केला.

फाटकाच्या दांड्याला धरून बाईंनी श्वास घेतला.

"गाडी आहे का?"

"येईल."

"येईल म्हणजे कधी?"

त्यानं रुळांकडे पाहिलं. रूळ दोन्हीकडे रिकामे होते. "अजून वेळ आहे."

"मग कशाला पाडलंस?" बाईंचा आवाज चढला. "लोक शिव्या घालतात, कळतं का? तक्रारी आल्यात तुझ्यावर. राग माझा आहे ना? मग माझ्यावर काढ. गावाला का वेठीला धरतोस?"

"राग कुठला?" तो म्हणाला.

"मग काय आहे?"

मागं हॉर्न वाजतच होते. त्यानं दांडा वर घेण्यासाठी चाकाला हात घातला, पण फिरवलं नाही. मान खालीच ठेवून बोलला,

"फाटक उघडं असलं की तू थांबत नाहीस, आई."