न उघडलेला चाकू

“चाकू! कोणाजवळ चाकू हाय का?” भूपेश पाण्यातून ओरडला.

त्याचा मोठा भाऊ भैयालाल बुडत होता. करडीच्या तलावात एका बुडालेल्या खोडाला जाळं अडकलं होतं. ते सोडवायला भैयालाल उतरला आणि त्याचाच पाय नायलॉनच्या फासात गुंतला. जितका ओढावा तितका आवळत होता. भूपेश त्याची हनुवटी वर धरायला पाहत होता, पण तोंड पुन्हा पुन्हा पाण्याखाली जात होतं. तलावाच्या बांधावर, पाळीवर, भैयालालची बायको सखाबाई पाण्याकडेच डोळे लावून ऊर बडवत होती.

काठावर उभ्या कामिनीनं शेजारच्या नवऱ्याकडे पाहिलं. चाकू चंद्रकुमारच्या खिशात होता. थोड्या वेळापूर्वीच त्यानं तो भैयालालकडून विकत घेतला होता.

चंद्रकुमारला खिशात ठेवायच्या जुन्या चाकूंचा नाद होता. साधेसुधे नव्हेत, कंपन्यांनी आपल्या बड्या गिऱ्हाइकांना भेट द्यायला स्वतःचं नाव कोरून घडवून घेतलेले. भंडाऱ्याच्या घरी काचेच्या कपाटात मखमलीवर त्यांच्या रांगा होत्या. विडी कारखान्याचे, विमा कंपनीचे, टायरवाल्यांचे. हा सगळ्यांत दुर्मीळ. एका मँगनीज कंपनीनं परदेशी खरेदीदारांसाठी असे मोजकेच बनवले होते. शिंपल्याची मूठ, तिच्यावर सोनेरी अक्षरं. भैयालालचा बाप त्या पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला आपल्या लाकडी होडीतून, डोंग्यातून न्यायचा. त्यातल्या एकानं खूश होऊन त्याला हा दिला होता आणि बापानं तो तसाच डबीत जपला होता.

“अहो, द्या ना लवकर!” कामिनी म्हणाली.

चंद्रकुमारनं खिशावर हात दाबला. “अगं, हा आजवर एकदाही उघडलेला नाही!”

कामिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं त्याच्या खिशात हात घातला. त्यानं तिचं मनगट धरून पिरगाळलं. चिडून नाही, घाबरून. हातातलं खेळणं कोणी हिसकावतंय अशा चेहऱ्यानं. तिनं त्याच्या हातात नखं रुतवली, चाकू ओढून घेतला आणि साडीसकट कमरेइतक्या पाण्यात शिरली. भूपेशनं मूठ दातांत धरून पातं उघडलं, बुडी मारली आणि जाळं कापलं.

भैयालाल काठावर उपडा पडून हिरवट पाणी ओकत होता. त्याच्या शेजारी उकिडवा बसून चंद्रकुमार रुमालानं चाकू पुसत होता. सांध्यात पाणी राहू नये म्हणून फुंकर घालत होता. मुठीवर दाताची खूण दिसली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून त्याच्या हाताचा स्पर्श झाला की तिच्या अंगावर शिसारी यायची. त्याच्या उष्ट्या ताटाला हात लावणंही तिला नको व्हायचं. तो मात्र आठवडाभर सुतकात असल्यासारखा बसून होता. मग त्याच्या संग्राहक मंडळींपैकी एकानं, कंपन्यांना भेटवस्तू बनवून देणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्यानं, त्याला फोनवर समजावलं की माणूस वाचवलेला चाकू जगात दुसरा नसेल. चंद्रकुमारची कळी खुलली. आपण चाकू काढून कसा क्षणात फेकला, हे तो फोनवर सांगू लागला. कामिनी बाजूच्या खोलीत कान झाकून बसली. दर वेळी फेक जरा लांबून होत होती.

व्यापाऱ्याला आपल्या नव्या माहितीपत्रकासाठी फोटो हवा होता. चंद्रकुमार कामिनीला घेऊन पुन्हा करडीला आला.

भैयालाल पाळीवर बसून जाळ्यातल्या मासोळ्या काढत होता. सखाबाईनं लगबगीनं चहा आणला. “साहेब, तुमच्याच पुण्याईनं हे बसून हायेत,” ती म्हणाली आणि वाकून चंद्रकुमारच्या पाया पडली. त्यानं पडू दिलं.

“एकच काम आहे, भैयालाल,” तो म्हणाला. “त्या खोडाजवळ जरा उतर. गळ्यापर्यंतच. हात वर कर, मी काठावरून चाकू फेकल्यासारखं करतो, कामिनी फोटो काढेल.”

भैयालाल मासोळ्या काढत राहिला.

“जा ना जी,” सखाबाई नवऱ्याला म्हणाली. “ज्यानं जीव वाचवला त्याले नाही म्हणता?”

कामिनीनं मोबाईल पिशवीत टाकला.

“भैयालालभाऊ, उतरू नका,” ती म्हणाली. “यांनी चाकू दिलाच नव्हता. तुम्ही बुडत होतात आणि यांनी खिसा दाबून धरला होता.”

सखाबाईच्या हातातली किटली खाली आली. चंद्रकुमार ओरडला, “कामिनी!”

भैयालालनं शेवटची मासोळी टोपलीत टाकली आणि मान वर केली.

“मालूम हाय, बाई,” तो शांतपणे म्हणाला. “जाळ्यात माहा पाय अडकला होता, डोळे नाही.”