पहिलं नाव

विभागप्रमुखांनी पेनाच्या टोपणाने कान कोरला, टोपण निरखून पाहिलं आणि त्याच पेनाने लेखावर सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं.

"आता बरोबर," ते म्हणाले. "तुझं नाव आहेच की खाली. चौथं."

संशोधकाने लेख पुढे ओढला. मधली दोन नावं कुणाची तेही त्याने वाचलं. एक संचालकांचं, दुसरं प्रमुखांच्या मेहुण्याचं. हा मेहुणा क्ष-किरण यंत्रं विकायचा. त्याने लेख वाचलाच नव्हता, वाचला असता तर निदान लाजला तरी असता. कारण लेखाचा विषयच तो होता: रुग्णसेवेवर जे संशोधन होतं, त्यात राबतं कोण आणि नाव कुणाचं लागतं. डॉक्टर, अर्थतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, परिचारिका, सगळ्यांचे मिळून दोन हजार लेख तपासले होते. फुकटची नावं चढवण्यात डॉक्टरमंडळींचा हात कुणी धरणार नाही, असं त्यातून निघालं होतं. आणि त्याच लेखावर हा गृहस्थ, स्वतः डॉक्टर, कानातल्या मळाच्या पेनाने आपलं नाव चढवत होता.

"सर, दीड वर्षाचं काम आहे हे."

"मग? विभाग कुणाचा आहे?"

संस्थेत त्यांना सगळे 'सहीसाहेब' म्हणत. एकेचाळीस लेख त्यांच्या नावावर होते आणि त्यांना एक ओळ लिहिताना कुणी पाहिलं नव्हतं. आता उपसंचालकाची जागा रिकामी झाली होती. ज्याचं नाव या लेखावर पहिलं, त्यालाच ती मिळणार, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. तक्रार करून हरलं, तर तळघरातल्या जुन्या फायलींमध्ये बदली ठरलेली.

घरी येऊन त्याने बॅग सोफ्यावर आदळली. बायको जेवणाच्या टेबलावरचे कागद आवरून त्याला जागा करून देत होती. उजवं मनगट दुखत असल्याने तिने त्याला पट्टा बांधला होता आणि डाव्या हाताने गठ्ठे उचलत होती.

"तळपायाची आग मस्तकात गेलीय माझी," तो म्हणाला. "राबायचं एकाने आणि मिरवायचं दुसऱ्याने! शिसारी येते मला त्या माणसाची. ते पेन बघायला हवं होतंस तू."

"कशाला भांडताय? नाव कुणाचं का लागेना. काम तर झालंय ना?"

"तुला नाही कळायचं. स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं की काय वाटतं, ते ज्याचं जातं त्यालाच कळतं."

तिने मनगटाचा पट्टा जरा घट्ट केला.

"असेल," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

चौथ्या दिवशी तक्रार गेली. आठ पानं. दुपारपर्यंत तिच्या प्रती संस्थेभर फिरल्या. सहीसाहेबांपुढे आजवर मूग गिळून बसलेली माणसं त्याला बघून हसायला लागली. ग्रंथपालाने तर जिन्यातच गाठून त्याचे दोन्ही हात धरले.

"काय लिहिलंय हो! प्रत्येक वाक्य त्यांच्या थोबाडीत बसतंय."

"मनापासून असलं की लिहिलं जातं," संशोधक संकोचून म्हणाला.

चौकशी समितीची अध्यक्ष एक निवृत्त मेट्रन होती. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली, नुसत्या नजरेने डॉक्टरांना सरळ करणारी बाई. तिने आधी संशोधकालाच विचारलं, "परिचारिकांचे लेख इतके कमी का निघाले हो यात?"

"घरी बघून सांगतो, मॅडम. आकडे तोंडपाठ म्हणून सांगितले की माणूस चुकतो."

"खरंय," मेट्रन म्हणाली. "औषधाचं प्रमाणही मी कधी आठवणीने दिलं नाही."

मग ती सहीसाहेबांकडे वळली. "तुम्ही काय केलंत या अभ्यासात?"

"मार्गदर्शन."

"ते कसं करतात?"

कुणीतरी खोकल्याआड हसलं. सहीसाहेबांनी खिशातून दातकोरणं काढलं आणि भर बैठकीत दाढ कोरायला लागले. दाढेतून निघालेलं त्यांनी बोटावर घेऊन बघितलं आणि टेबलाच्या कडेला पुसलं. संशोधकाने मान फिरवली. असल्या माणसापुढे आपण दहा वर्षं 'सर, सर' करत मान डोलावली, याची त्याला मनस्वी लाज वाटली.

मेट्रनने एक कोरा कागद पुढे सरकवला. "या अभ्यासात तुम्ही काय काय केलं, ते इथेच पानभर लिहा. कुणाला विचारायचं नाही."

दहा मिनिटं गेली. सहीसाहेबांनी दोनच शब्द लिहिले आणि तेही खोडले. मग खुर्ची मागे ढकलून, लालबुंद होऊन ते निघून गेले. जाताना दारही लावलं नाही.

मेट्रनने तो कागद चिमटीत धरून बाजूला ठेवला आणि दुसरा कोरा कागद संशोधकापुढे केला.

"नियम सगळ्यांना सारखा. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम. मग लेखावर पहिलं नाव तुमचं आणि वरच्या जागेसाठी शिफारसही तुमची."

संशोधकाने हसून कागद घेतला. "जरा पाणी पिऊन आलो."

बाहेर पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. त्याने कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. बायकोने पहिल्याच रिंगला उचलला.

"जिंकलोच समज," तो दबक्या आवाजात म्हणाला. "फक्त एक कर. या अभ्यासात मी काय काय केलं, ते पानभर लिहून पाठव. लवकर."